मॅच कुठे बघायची?

फुटबॉलचा वर्ल्ड कप जवळ आला की कोलकात्यात माझा फोन वाजायला लागतो. प्रश्न एकच असतो, 'एबार कोथाय देखबे?' यंदा कुठे बघणार? कुणाच्या बाजूने, हे कुणी विचारत नाही. ते एकदा ठरलं की ठरलं. मी अर्जेंटिनाची आहे, आणि हे आमच्या इमारतीच्या दरवानालाही माहीत आहे. पण कुठे बघायची हे दर चार वर्षांनी नव्याने ठरवावं लागतं. लग्नाचं कार्यालय ठरवताना घरात जेवढी चर्चा होत नाही तेवढी यावर होते.

मी या शहरात २००१ मध्ये आले, जादवपूरला तौलनिक साहित्यात एम.ए. करायला. बुद्धदेव बसूंनी १९५६ मध्ये सुरू केलेला हा विभाग. तिथे शिकायचं म्हणून कोल्हापूरहून दोन रात्रींचा प्रवास करून आले आणि इथलीच झाले. पहिला वर्ल्ड कप पाहिला तो २००२ चा, आम्ही मुली राहत होतो त्या मेसमध्ये. कोरिया-जपानचे सामने आपल्याकडे दुपारी दिसायचे, त्यामुळे रात्री बाहेर राहण्याचा प्रश्नच नव्हता. अर्जेंटिना पहिल्याच फेरीत गारद झाली. मेसच्या मावशींनी त्या रात्री माझ्या ताटात माशाचा एक तुकडा जास्त वाढला होता, एवढं लक्षात आहे.

खरा प्रश्न २००६ पासून सुरू झाला. सामने रात्री साडेबाराला, कधी दीडला. अशा वेळी बाईमाणसाने जागा कशी निवडावी याचे माझे काही नियम तयार झाले. पडदा किती मोठा हे सगळ्यात शेवटी बघायचं. आधी बघायचं, तिथे स्वच्छतागृह आहे का. मग पहाटे साडेतीनला घरी जायचा रस्ता कसा आहे. मग, शेजारी बसणारा माणूस आपल्याला ऑफसाइड समजावून सांगणार आहे का; असेल तर जागा बदलायची. पार्क स्ट्रीटच्या बारमध्ये पहिल्या दोन अटी पूर्ण होतात, पण तिथे अनोळखी लोक आणि खिशाला भार. मित्रांच्या फ्लॅटमध्ये सगळं ठीक, पण तिथे निम्मे लोक गप्पांसाठी आलेले असतात. कॉर्नर किकच्या वेळी कुणीतरी हमखास विचारतं, 'कोशिंबिरीत मीठ कमी झालंय का?'

शेवटी मी पाड्यातल्या क्लबात स्थिरावले. पाडा म्हणजे मोहल्ला, आमच्या भाषेत पेठ. क्लब म्हणजे एक खोली, कॅरमचा बोर्ड, भिंतीवर जुन्या संघांचे फोटो, आणि वर्ल्ड कपच्या महिन्यात बाहेर गल्लीत टांगलेला पांढरा पडदा. या शहराला असल्या गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. १९७७ मध्ये पेले इथे ईडन गार्डन्सवर मोहन बागानविरुद्ध खेळून गेला. २०११ च्या सप्टेंबरमध्ये मेस्सी सॉल्ट लेक स्टेडियमवर अर्जेंटिनाचा कप्तान म्हणून उतरला. त्या आठवणींवर इथली माणसं अजून जेवतात. गल्लीच्या एका टोकाला ब्राझीलचे झेंडे, दुसऱ्या टोकाला अर्जेंटिनाचे. पडदा मात्र एकच. मला पहिल्या रांगेत खुर्ची मिळते. शेजारच्या घरातल्या बौदी रात्रभर दार उघडं ठेवतात, म्हणजे माझी पहिली अट पूर्ण. मॅच संपल्यावर कुणीतरी पोरगा मला घरापर्यंत सोडतो.

नव्या माणसाशी ओळख करून देताना ते म्हणतात, 'आमादेर माराठी दीदी.' आमची मराठी दीदी. नवा माणूस हटकून विचारतो, तुम्ही मराठी लोक तर क्रिकेटवाले ना? मग मला कोल्हापूर सांगावं लागतं.

कोल्हापुरात पेठ आणि तालीम हे दोन शब्द कळले की तिथला फुटबॉल कळतो. तालमी मुळात कुस्तीच्या. पुढे त्याच तालमींचे फुटबॉल संघ झाले. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल ही नावं उच्चारताना आमच्याकडे अजून आवाज चढतो. शाहू स्टेडियमवर या संघांच्या मॅचला जी गर्दी होते ती बघितली की कोलकात्याच्या माणसालाही मान्य करावं लागतं, हे आपलेच चुलतभाऊ.

माझे वडील, आप्पा, तरुणपणी आमच्या पेठेतल्या तालमीचे गोलकीपर होते. ब्राझीलचे भक्त. त्यांचं ब्राझील पेलेच्या काळातलं, म्हणजे बहुतेक ऐकीव आणि वर्तमानपत्रात वाचलेलं. १९९० साली मी दहा वर्षांची होते. तालमीने वर्गणी काढून रंगीत टीव्ही आणला होता. आमच्या घरी ब्लॅक अँड व्हाइट. २४ जूनला, रविवारी रात्री साडेआठला, ब्राझील विरुद्ध अर्जेंटिना. दादा बारा वर्षांचा, तो संध्याकाळपासूनच तालमीत जागा धरून बसला. मीही चप्पल घालून निघाले. आई म्हणाली, तालमीत पोरी जात नाहीत. कोल्हापूरच्या पोरी 'मी आलो, मी गेलो' असंच बोलतात. आमच्या क्रियापदांना तालमीत प्रवेश होता, आम्हाला नव्हता. मी पायरीवर बसून रडले. आप्पा कामावरून आले, हातपाय धुतले आणि म्हणाले, 'चल, आपण इथंच बघू.'

तेव्हा मला वाटलं, मी पळून तालमीत जाऊ नये म्हणून ते राखणीला बसलेत. रागाने मी ठरवलं, आप्पा ब्राझील तर मी दुसरी. ब्राझीलने चेंडू खांबांवर आपटले, आडव्या दांडीवर आपटले, गोल काही होईना. आणि ऐंशी मिनिटं झाल्यावर मॅराडोना तीन-चार जणांना अंगावर घेत पुढे गेला, पडता पडता पास दिला, कॅनिजियाने तफारेलला वळसा घातला आणि चेंडू जाळ्यात. मी ओरडले. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'गोलकीपर पुढं आला, बरोबर केलं त्यानं. मागं थांबला असता तरी गोलच होता.' मला त्या रात्री जिंकल्याचा आनंद झाला, पण तालमीतून आलेला गलका ऐकून वाटत राहिलं की खरी मॅच तिकडे झाली, मी फक्त तिची सावली पाहिली.

ही खंत माझ्याबरोबर कोलकात्याला आली. पाड्यातल्या क्लबात पहिल्या रांगेतली खुर्ची मिळाली तेव्हा वाटलं, चला, फिटलं.

मी बंगालीतून मराठीत अनुवाद करते. या कामात माझी रोज अडवणूक करणारा एक साधा शब्द आहे, 'आमरा'. बंगालीत आम्हीही 'आमरा' आणि आपणही 'आमरा'. हिंदीतही 'हम' एवढ्यावर भागतं. मराठीला ते चालत नाही. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की तो आत येतो. गुजराती, तमिळ, तेलुगू, मल्याळम या भाषांतही हा भेद आहे, तिथल्या वाचकांना वेगळं सांगायला नको. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या एका गृहस्थांचं आत्मकथन मी करत होते. त्यात ईस्ट बंगालच्या मॅचेसवर एक आख्खं प्रकरण होतं आणि दर चौथ्या वाक्यात 'आमरा'. आमरा जिंकलो, आमरा रडलो. हे कुणाला उद्देशून? बरोबर निर्वासित छावणीतून आलेल्यांना, की वाचकाला? प्रत्येक वेळी मला ठरवावं लागायचं, हा माणूस आता मला आत घेतोय की दाराबाहेर उभं करतोय.

२०१४ च्या उपांत्य फेरीत अर्जेंटिनाने नेदरलँड्सला पेनल्टीवर हरवलं. आपल्याकडे पहाट व्हायला आली होती. क्लबातला एक पोरगा मला मिठी मारून ओरडला, 'दीदी, आमरा फायनाले!' तेव्हा प्रथम माझ्या डोक्याने अनुवाद केला नाही. 'आपण' हे उघड होतं.

पण त्याच्या आदल्याच रात्री दुसरी उपांत्य फेरी झाली होती. ब्राझील विरुद्ध जर्मनी. मी तीही क्लबातच पाहिली, अर्थात जर्मनीच्या बाजूने. एकोणतीस मिनिटांत पाच गोल झाले. अर्जेंटिनाकडच्या टोकाला आधी नाच चालू होता, मग नाचणारेही ओशाळून थांबले. ब्राझीलकडच्या टोकाला म्हातारे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसले होते. त्यांच्याकडे बघताना मला एकदम आप्पा आठवले. आई जाऊन वर्ष झालं होतं. दादा पुण्यात. आप्पा त्या घरात एकटे हे बघत असणार. मी फोन केला. उचलला नाही. सकाळी म्हणाले, 'झोपलो होतो गं. किती झाले?' मी म्हटलं, सात-एक. 'असं होय,' म्हणाले. आयुष्यात ब्राझीलची मॅच सोडून झोपलेला हा माणूस नाही. खोटं बोलताहेत हे मला कळलं, आणि मला कळलंय हे त्यांनाही.

चार दिवसांनी फायनलमध्ये गोट्झेच्या एका गोलवर अर्जेंटिना हरली. क्लबात कुणी उठलं नाही. बौदींनी किटलीभर चहा आणला. उजाडेपर्यंत आम्ही बसून होतो. तेव्हा माझ्या यादीत सगळ्यांत वर एक नियम आला. जिंकायचं असेल तर जागा कुठलीही चालते. जागा निवडायची ती हरण्यासाठी. हरल्यावर आपण कुणाच्या शेजारी असू आणि आपल्या शेजारी कोण असेल, एवढंच बघायचं. त्या हिशेबाने मी आदल्या मंगळवारी चुकीच्या जागी होते.

म्हणून २०२२ मध्ये अर्जेंटिना फायनलला पोचली तेव्हा क्लबातली खुर्ची सोडून मी शनिवारी कोल्हापूर गाठलं. १८ डिसेंबर, रविवार, रात्री साडेआठ. म्हणजे बरोबर नव्वद सालची वेळ आणि तोच वार. आप्पा शहात्तर वर्षांचे. गुडघ्यांमुळे जिना उतरणं बंद झालेलं. ब्राझील त्याआधीच क्रोएशियाकडून पेनल्टीवर हरून घरी गेली होती. 'अर्जेंटिना जिंकली तर जिंकू दे,' ते म्हणाले, 'पण माझ्याकडनं टाळी मिळणार न्हाई.'

घराजवळच्या चौकात मोठा पडदा लावला होता. मेस्सीचा माडीएवढा फलक. आणि पुढच्या दोन रांगांवर पाटी, 'महिलांसाठी राखीव'. मी खिडकीतून तिकडे किती वेळा बघितलं ते आप्पांनी मोजलं असावं.

'जा की,' ते म्हणाले.

'नको. तुमच्यासाठी आलोय मी.'

'मी काय पळून चाललोय व्हय? इतक्या वर्षांनी बोलावलंय त्यांनी, जा.'

मी गेले. खोटं कशाला सांगू, धावत गेले. बत्तीस वर्षांनी माझ्या स्वतःच्या पेठेत, माझ्या बोलीत शिव्या ऐकत मी मॅच बघत होते. मेस्सीची पेनल्टी, मग डी मारियाचा तो गोल, पाच-सहा पायांतून सरकत आलेला. मध्यंतराला दोन-शून्य. हलगी कडाडत होती. भडंगाचे पुडे हातोहात फिरत होते. फ्रान्सला गोलकडे फिरकताही येत नव्हतं.

दुसऱ्या डावात शेजारी एक वयस्कर गृहस्थ येऊन बसले. आप्पांचे जुने सोबती, डाव्या बगलेला खेळायचे. 'तू त्याची न्हवं?' म्हणाले. 'तुझ्या बापानं तालमीत मॅच बघायचं सोडलं ते नव्वद साली. टीव्हीच्या वर्गणीला दारोदार हिंडला होता तो. आणि ब्राझीलच्या मॅचला गडी आलाच न्हाई. आम्ही दोनदा पोरं धाडली. म्हणाला, पोरगी घरात एकटी बसंल. त्यानंतर कुठल्याच वर्ल्ड कपला आला न्हाई.'

आप्पांनी हे मला कधी सांगितलं नव्हतं. चौऱ्याण्णव साली, अठ्ठ्याण्णव साली, आजीची झोपमोड नको म्हणून आवाज बारीक करून आम्ही दोघे टीव्हीसमोर बसायचो. मला वाटायचं, त्यांना गर्दी आवडत नाही. स्वतःच्या संघाच्या, स्वतःच्या वयाच्या माणसांत बसून ओरडण्याची हक्काची जागा त्यांनी सोडली होती, आणि मी मात्र ती जागा मला मिळाली नाही म्हणून त्यांच्यावर रुसले होते.

पडद्यावर अठ्ठ्याहत्तरावं मिनिट चालू होतं. दोन-शून्य म्हणजे मॅच संपल्यात जमा. मी उठले आणि घराकडे निघाले.

चौक ते घर पाच मिनिटं. त्या पाच मिनिटांत एम्बाप्पेने दोन गोल केले, दोन्हींत अवघ्या सत्त्याण्णव सेकंदांचं अंतर. जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिलेले ते गोल मी पाहिले नाहीत, फक्त ऐकले. आधी मागे चौक गप्प झाला, हलगी मध्येच तुटली. मग एका माडीवरून एकाच माणसाची आरोळी, तो ब्राझीलवाला असणार. थोड्या वेळाने पुढच्या घरातून 'अरे अरे'. नंतर कट्ट्यावर मोबाइलवर बघणाऱ्या पोरांच्या तोंडून शिवी. पूर्वी सगळ्या गावाला एकच दूरदर्शन होतं, गोल झाला की आख्खी पेठ एका क्षणी ओरडायची. आता डिशवाल्यांकडे गोल आधी होतो, केबलवाल्यांकडे नंतर आणि मोबाइलवाल्यांकडे सगळ्यांत शेवटी. एकच गोल चार वेळा ऐकत मी जिना चढले.

आप्पा उभे होते. खुर्चीच्या पाठीला धरून, पण उभे. 'दोन मारले!' चेहरा नव्वद सालच्या दादासारखा झालेला. 'तू गेलीस कशाला आणि आलीस कशाला? दोन्ही घालवलंस की.'

मी त्यांच्या शेजारी बसले. जादा वेळ आम्ही एकत्र पाहिला, ते फ्रान्सकडून, मी अर्जेंटिनाकडून. आमचा केबल चौकाच्या काही सेकंद मागे होता. मेस्सीचा दुसरा गोल आम्हाला आधी खिडकीतून कळला, मग टीव्हीवर दिसला. आप्पा वैतागले. 'खिडकी लाव. ते काय आपल्याला मॅच बघू देणार न्हाईत.' मी खिडकी लावली. 'आपल्याला' म्हणाले ते. दोघे दोन बाजूंना, तरी आपल्याला. चौकात दीड तास मी 'आम्ही' होते आणि ते मला फार आवडलं होतं, कारण तिथे सगळे एकाच बाजूचे होते. इथे ज्याची बाजू माझी नव्हती तो माणूस मला आत घेत होता, आणि हे तो दहा वर्षांच्या मुलीलाही म्हणाला होता, 'आपण इथंच बघू.' मला तेव्हा त्यातला 'इथंच' तेवढा ऐकू आला होता.

एम्बाप्पेने पुन्हा बरोबरी साधली, तीन-तीन. आणि अगदी शेवटच्या क्षणी कोलो मुआनी चेंडू घेऊन एकटा मार्टिनेझच्या समोर आला. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा चेंडू बाहेर गेला होता आणि आप्पा, ज्यांच्याकडून टाळी मिळणार नव्हती, ते मांडीवर थाप मारत होते. 'पुढं आला बघ! पाय बघ त्याचा, डावा. मागं थांबला असता तर गोल होता.' आणि खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी आपला दुखरा डावा पाय जेवढा लांब जाईल तेवढा पसरून दाखवला. मी त्यांना गोलवर उभं राहिलेलं कधीच पाहिलं नव्हतं. तेवढंच पाहिलं.

पेनल्टीच्या वेळी खिडकी लावूनही उपयोग झाला नाही. टीव्हीवर मोंटिएल अजून चेंडू ठेवत होता आणि चौकात फटाके फुटले. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. 'जिंकलात,' म्हणाले. मग आम्ही दोघांनी तो गोल शांतपणे, ठाऊक असलेल्या गोष्टीसारखा पाहिला.

थोड्या वेळाने माझा फोन वाजला. क्लबातल्या पोरांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. मागे शंख फुंकण्याचा, ढोलाचा गलका, आणि वीसएक गळ्यांतून एकच वाक्य, 'दीदी, आमरा जितेछि!' आप्पांनी पुन्हा लावायला सांगितलं, फोन कानाजवळ धरून ऐकलं.

'काय म्हणतायत?'

अनुवाद हे माझं पोटापाण्याचं काम आहे, तरी मी क्षणभर अडले. मराठीत अशा वेळी एक पळवाट आहे, सर्वनाम गाळून टाकायचं. मी म्हटलं, '"जिंकलो" म्हणतायत.'

'जिंकलो म्हणजे?' आप्पांनी विचारलं. 'कोण कोण?'